चुनखडीच्या रानात सूर्यफुलाला खत कसं द्यायचं: सोलापूरकडच्या शेतकऱ्यांसाठी

सूर्यफुलाची दोन गाऱ्हाणी आपल्याकडं कायम ऐकू येतात. एक म्हणजे पीक वीस-पंचवीस दिवसांचं झालं की शेंड्याकडची पानं पिवळी पडायला लागतात आणि युरिया फेकला तरी हिरवी होत नाहीत, आणि दुसरं म्हणजे फूल चांगलं मोठं येतं पण मळणी केली की मधल्या भागातलं बी सगळं पोचट निघतं, काट्यावर वजनच भरत नाही. मग पुढच्या वर्षी माणूस काय करतो तर डीएपीचं (नत्र-स्फुरदाचं दाणेदार खत) अजून एक पोतं वाढवतो. आणि गाऱ्हाणं तिथंच राहतं. कारण बहुतेक वेळा रानात अन्न नाही असं नसतंच, अन्न आहे पण चुन्याने धरून ठेवलंय, आणि तुम्ही वरून टाकलेलंही तो धरून ठेवतो. त्यामुळं चुनखडीच्या जमिनीत किती टाकलं यापेक्षा कुठं टाकलं, कधी टाकलं आणि कशात मिसळून टाकलं यालाच जास्त किंमत आहे. खाली जे सांगतोय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

आपली जमीन अशी का

सोलापूर जिल्ह्यातली माती काळ्या पाषाणापासून झालेली, त्यात चुना मुळातच भरपूर, आणि पाऊस कमी. जास्त पावसाच्या भागात चुना पाण्याबरोबर खाली निघून जातो, आपल्याकडं तो तिथंच राहतो, उन्हाळ्यात वर येतो, खडे धरतो. मंगळवेढ्याची खोल काळी घ्या नाहीतर सांगोला, माळशिरस, करमाळ्याकडची हलकी मुरमाड घ्या, नांगरट केली की पांढरे खडे दिसतातच बऱ्याच ठिकाणी. सामू (मातीचा पीएच, ७ च्या खाली आंबट आणि वर अल्कधर्मी) ८ ते ८.५ सर्रास निघतो.

घरच्या घरी बघायचं असेल तर बाथरूम साफ करायचं ॲसिड एक भाग आणि पाणी दोन-तीन भाग असं करा, पण आधी पाणी घ्या आणि मग त्यात ॲसिड ओता, उलटं करू नका, हातमोजे घाला. मातीच्या ढेकळावर दोन थेंब टाका. फसफस जोरात झाली तर चुना चांगलाच आहे, बारीक बुडबुडे आले तर थोडा आहे, काहीच नाही झालं तर हा लेख तुमच्या रानासाठी नाही. वरच्या थरात टाका आणि फूटभर खाली खणून तिथंही टाका, कारण सूर्यफुलाचं सोटमूळ खोल जातं आणि कित्येक रानात वर ठीक आणि खाली चुन्याचा थर असं असतं.

नक्की आकडा पाहिजे असेल तर माती परीक्षण. रिपोर्टमध्ये मुक्त चुना म्हणून टक्केवारी येते. माझा अंदाज असा की ५ टक्क्याच्या आत असेल तर फार डोक्याला ताप नाही, ५ ते १० मध्ये खत देण्याची पद्धत सुधारलीच पाहिजे, आणि १० च्या वर असेल तर फवारणीशिवाय लोह आणि बोरॉनचं काम होत नाही असं धरून चालायचं.

मातीचा नमुना घेताना बांधाजवळची, विहिरीजवळची, उकिरड्याजवळची, झाडाखालची जागा सोडा. नागमोडी चालत एकरात दहा-पंधरा ठिकाणी व्ही आकाराचा २० ते २२ सेंटिमीटर खड्डा घ्या, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडा, सगळी एकत्र करून चार भाग करत करत अर्धा किलो ठेवा, सावलीत वाळवा. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर पत्र्याची बादली आणि गंजलेलं खुरपं वापरू नका, जस्त आणि लोह त्यातूनच मातीत उतरतं आणि रिपोर्ट खोटा येतो. प्लास्टिकची बादली, लाकडी काडी. आणि सांगताना स्पष्ट सांगा की सामू, क्षारता, मुक्त चुना, नत्र, स्फुरद, पालाश याबरोबर गंधक, जस्त, लोह, बोरॉन पण बघा, नाहीतर साधा रिपोर्ट हातात येतो आणि त्यात आपल्याला पाहिजे तेच नसतं. स्फुरद ओल्सेन पद्धतीने काढलेलं आहे का एवढं विचारा, चुनखडीच्या मातीला तीच पद्धत बरोबर आहे.

रिपोर्ट वाचताना हे आकडे जवळ ठेवा: जस्त ०.६ पीपीएमच्या (दहा लाख भागात एक भाग म्हणजे एक पीपीएम) खाली, लोह ४.५ च्या खाली, मंगल (मँगनीज) २ च्या खाली, तांबं ०.२ च्या खाली, बोरॉन ०.५ च्या खाली आणि गंधक १० च्या खाली असेल तर कमतरता आहे असं समजायचं.

चुना नक्की करतो काय

स्फुरद टाकला की चुना त्याला पकडतो आणि त्याचा कॅल्शियम फॉस्फेट होतो, आधी थोडाफार विरघळणारा आणि दिवस जातील तसा अजून घट्ट, मुळाला न मिळणारा. लोहाचं तर विचारूच नका, सामू एकाने वाढला की लोहाची विरघळण्याची ताकद जवळजवळ हजार पटीने कमी होते आणि जस्ताची शंभर पटीने. म्हणजे सामू ७ असलेल्या रानात जे आपोआप मिळतं ते ८ वाल्या रानात मिळत नाही, माती लाल-काळी दिसते म्हणून लोह आहे असं म्हणून उपयोग नाही, ते आहे पण बंद कपाटात आहे. बोरॉनही ८-९ सामूच्या आसपास मातीला सगळ्यात जास्त चिकटतो. आणि युरिया वर फेकला तर त्याचा अमोनिया होऊन हवेत उडून जातो, चुनखडीच्या जमिनीत तर जास्तच.

आता काही जण म्हणतात सल्फर टाकून चुनाच संपवून टाकू. याचा हिशोब एकदा मांडून बघा. एका एकराची वरची १५ सेंटिमीटर माती साधारण ९०० टन भरते. त्यात १ टक्का चुना म्हणजे ९ टन चुना. तो संपवायला जवळजवळ २.९ टन शुद्ध गंधक लागेल. १० टक्के चुना असेल तर २९ टन, एकराला! कुणाच्या बापाला परवडणार नाही. म्हणून सगळं रान आंबट करायच्या नादी लागायचंच नाही, मुळाजवळची चार बोटं जागा सुधारायची, बाकी रान आहे तसं राहू दे.

आणि जिप्समचं पण सांगून टाकतो. जिप्सम चोपण जमिनीचं औषध आहे, जिथं सोडियम जास्त आहे, पाणी मुरत नाही, वाळल्यावर दगडासारखी होते तिथलं. नुसत्या चुनखडीच्या रानाला कॅल्शियम आधीच भरपूर आहे, तिथं चुना कमी करायला म्हणून जिप्सम टाकणं हा पैशाचा नास आहे. गंधक म्हणून थोडं चालेल, पण त्यासाठी सिंगल सुपर (सिंगल सुपर फॉस्फेट, स्फुरदाचं खत) आहेच की.

शेणखत आधी, बाकी नंतर

हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कमी केलं जाणारं काम. कोरडवाहूला एकरी किमान टनभर चांगलं कुजलेलं शेणखत, पाणी असेल तर त्याच्या दुपटीने. कुजताना त्यातून जी आम्लं निघतात ती जस्त-लोहाला धरून मुळापर्यंत नेतात आणि चुन्याच्या तावडीत जाऊ देत नाहीत, स्फुरदाचंही तसंच. जनावरं कमी झालीत, शेणखत मिळत नाही, हे मान्य, तर मग सगळ्या रानात विस्कटू नका, आहे तेवढं फक्त पेरणीच्या ओळीत द्या.

आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की मळी (रस गाळल्यावर राहणारा गाळ, प्रेसमड) सहज मिळते. चांगली गोष्ट आहे, पण कारखान्यात रस साफ कशाने करतात ते विचारून घ्या. सल्फिटेशनची मळी चालते, तिच्यात गंधक असतं. कार्बोनेशनची असेल तर तिच्यात चुनाच असतो, ती आपल्या रानाला नको. आणि कुठलीही मळी ताजी गरम टाकायची नाही, कुजवूनच. बॉयलरची राख तर अजिबात नको, ती सामू अजून वर नेते, फुकट मिळते म्हणून ट्रॉलीच्या ट्रॉली आणून ओतणारे बघितलेत म्हणून मुद्दाम लिहितोय.

मुख्य डोस

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस कोरडवाहू सूर्यफुलाला हेक्टरी ५० किलो नत्र, २५ स्फुरद, २५ पालाश अशी आहे, सगळं पेरणीबरोबर. बागायतीला ६०:३०:३०, त्यातलं अर्धं नत्र आणि पूर्ण स्फुरद-पालाश पेरणीला, राहिलेलं नत्र महिन्याने. एकरात आणायचं तर अडीचने भागा, म्हणजे कोरडवाहू २०:१०:१० आणि बागायत २४:१२:१२.

पोत्यात सांगतो. कोरडवाहू एकराला युरिया ४३-४४ किलो म्हणजे ४५ किलोचं एक पोतं धरा, सिंगल सुपर ६२-६३ किलो म्हणजे सव्वा पोतं, म्युरेट ऑफ पोटॅश (पालाशचं खत) १७ किलो. बागायत एकराला युरिया ५२ किलो दोन हप्त्यात, सुपर ७५ किलो म्हणजे दीड पोतं, म्युरेट २० किलो.

स्फुरदासाठी मी सिंगल सुपरच म्हणतोय, डीएपी नाही, आणि याला कारण आहे. सुपरमध्ये १६ टक्के स्फुरदाबरोबर ११ टक्के गंधक येतं. दीड पोत्यातून सव्वाआठ किलो गंधक मिळतं, आणि सूर्यफुलाला कमतरता असेल तर हेक्टरी २० म्हणजे एकरी ८ किलो गंधक द्या असं सांगतात, म्हणजे हिशोब आपोआप बसला की नाही. तेलबियांना गंधक लागतंच, तेल धरायला ते पाहिजेच. डीएपीत गंधक शून्य. वर डीएपी विरघळताना त्याच्या दाण्याभोवती सामू ८ च्या आसपास जातो आणि थोडा अमोनियाही सुटतो, जो चुनखडीच्या मातीत कोवळ्या मोडाला भाजतो. दुकानात सुपर नाही आणि डीएपीच आहे असं झालं तर २०:२०:०:१३ मागा, ६० किलोत १२ नत्र, १२ स्फुरद आणि पावणेआठ किलो गंधक येतं, तेही चांगलं आहे. १०:२६:२६ घेतलंत तर स्फुरद-पालाशाला एक पोतं पुरतं पण राहिलेलं नत्र आणि गंधक वेगळं द्यावं लागेल.

गंधक वेगळं द्यायचं तर बेंटोनाइट सल्फर एकरी ९ किलो, पण ते दिल्या दिवशी कामाला लागत नाही, जमिनीतल्या जिवाणूंनी त्याचं आम्ल करायला ओल आणि वेळ दोन्ही लागतं, म्हणून पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी ओळीत पाडलेलं बरं. पेरणीबरोबर टाकून चार दिवसात फरक बघत बसू नका.

पालाशचं म्हणाल तर आपल्या काळ्या रानात बहुतेक ठिकाणी भरपूर निघतो. रिपोर्टमध्ये भरपूर आला तर पालाश कमी करा आणि तेच पैसे जस्त-बोरॉनला लावा. हलक्या मुरमाड रानात मात्र कापू नका.

खत कुठं पडलं पाहिजे

हे बारकाईने वाचा, कारण अर्धं उत्पन्न इथं जातं.

खत फोकायचं नाही. फोकलेला सुपर सगळ्या मातीत पसरतो, जेवढ्या जास्त मातीला लागेल तेवढा जास्त चुना त्याला पकडतो. तोच सुपर एका ओळीत जाडसर पडला तर त्याचा बराच भाग मातीला लागतच नाही आणि मूळ तिथं पोचेपर्यंत टिकतो. दोन चाड्याच्या पाभरीने पेरा, एका चाड्यातून खत आणि दुसऱ्यातून बी, खत बियापेक्षा दोन-तीन बोटं खाली आणि थोडं बाजूला. ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र असेल तर फण बघून घ्या, काही यंत्रात खताची आणि बियाची नळी एकाच फणात उतरते आणि खत बियाला चिकटतं. सूर्यफुलाचं बी याबाबतीत नाजूक आहे, युरिया चिकटला तर उगवण विरळ होते आणि आपण बियाणे कंपनीला शिव्या देतो.

दाणेदार सुपर शेणखतात मिसळून ओळीत देता आला तर त्याहून चांगलं. युरिया आणि सुपर एकत्र करून रात्रभर ठेवू नका, पाणी सुटतं आणि चिखल होतो, मिसळलं की लगेच पेरायचं.

नत्राचा दुसरा हप्ता बागायतीत ३० दिवसांनी, खुरपणी झाल्यावर. ओळीच्या कडेला चार बोटं लांब, कोळप्याने नाहीतर खुरप्याने मातीआड करा आणि मग पाणी द्या. वर फेकून दुसऱ्या दिवशी पाणी देऊ म्हणाल तर तेवढ्यात बराचसा उडालेला असतो, उन्हाळी पिकात तर नक्कीच. अमोनियम सल्फेट वापरलं तर गंधक मिळतं हे खरं, पण चुनखडीत तेही वर टाकलं की उडतं, त्यालाही मातीआडच करायचं. कोरडवाहूत एकदाच पेरणीबरोबर द्या, नंतर पाऊस येईल का नाही याच्या भरवशावर बसू नका. सोलापूरला सप्टेंबरात सगळ्यात जास्त पाऊस, त्याच्या ओलीवर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात रब्बीची पेरणी, पुढं वरून खत द्यायला ओलच राहत नाही.

बियाणाला ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत किलोला प्रत्येकी २५ ग्रॅम लावा. आधी बुरशीनाशक, ते वाळलं की जिवाणू खत, सावलीत वाळवून लगेच पेरणी. स्फुरद मोकळा करणारे जिवाणू चुनखडीच्या जमिनीत फार उपयोगाचे, खर्च नगण्य, तरी लोक टाळतात याचं वाईट वाटतं.

जस्त आणि लोह

पान बघून ओळखायचं तर खालची जुनी पानं सगळी पिवळी होत असतील तर नत्र. वरची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्यागार, जाळी दिसते, तर लोह. कोवळं पान शिरांसकट फिकट पिवळं तर गंधक. झाड खुजं, पानं बारीक, पेरं जवळजवळ आणि शिरांच्या मधे पिवळट पट्टे तर जस्ताकडं बघा, आणि डीएपीचा मारा केलेल्या रानात हे जास्त दिसतं कारण स्फुरद जास्त झाला की जस्त अजून दबतं. जुन्या पानांच्या कडा करपत असतील तर पालाश.

रिपोर्टमध्ये जस्त कमी असेल तर एकरी ८ ते १० किलो झिंक सल्फेट, लोह कमी असेल तर तेवढंच फेरस सल्फेट. हे नुसतं मातीत टाकायचं नाही, विशेषतः फेरस सल्फेट, ते चुनखडीत दोन दिवसात गंजून बसतं. मुरवून द्यायचं. दहा किलो झिंक सल्फेट आणि दहा किलो फेरस सल्फेटला दहापट म्हणजे २०० किलो शेणखत घ्या, थर देत मिसळा, हाताला ओलसर लागेल एवढं पाणी शिंपडा, सावलीत ढीग करून ओल्या बारदानाने झाका, सहा-सात दिवस ठेवा. मग शेवटच्या कुळवाच्या पाळीआधी किंवा थेट ओळीत द्या. सुपर आणि झिंक सल्फेट एका टोपल्यात कालवू नका, दोघं एकमेकाला बांधतात, हे शेणखतातून वेगळं आणि सुपर पाभरीतून वेगळं.

झिंक सल्फेट घेताना पिशवीवर बघा, २१ टक्केवालं आणि ३३ टक्केवालं दोन्ही मिळतं, ३३ वालं असेल तर ६ किलोच पुरतं. सरकारमान्य ग्रेड १ आणि ग्रेड २ ची मिश्रणंही मिळतात, ग्रेड १ जमिनीतून द्यायचं आणि ग्रेड २ फवारायचं, उलटं करू नका. रिपोर्ट नसेल तर ग्रेड २ फवारणं हा सुरक्षित मार्ग आहे, पण एखादी कमतरता खोल असेल तर त्यातल्या अडीच-तीन टक्क्यांनी भागत नाही.

पीक उभं असताना लोहाची जाळी दिसली तर जमिनीतून काही करत बसू नका, फवारा. १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, १५ लिटरच्या पंपाला ७५ आणि १५. जस्तासाठी १० लिटरला ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुन्याची गाळलेली निवळी, चुना यासाठी की नुसत्या झिंक सल्फेटने पान भाजतं. लोह आणि जस्ताची ही दोन पाणी एकाच पंपात ओतू नका, एकाला आंबट पाहिजे आणि एकात चुना आहे. आठ-दहा दिवसांनी परत एकदा, कारण लोह एका पानातून दुसऱ्या पानात जात नाही, नवीन आलेलं पान पुन्हा पिवळंच येतं. चिलेटेड (चुन्याने धरू नये म्हणून दुसऱ्या पदार्थात बांधलेलं लोह) घेणार असाल तर फवारणीला ईडीटीए प्रकारचं चालतं, पण जमिनीतून किंवा ड्रीपमधून लोह द्यायचं असेल तर ईडीटीए चुनखडीत टिकत नाही, तिथं ईडीडीएचए प्रकारचं लागतं आणि ते महाग असतं. सूर्यफुलाच्या सगळ्या रानाला ते परवडत नाही, एखादा खराब पट्टा असेल तर तेवढ्यापुरतं बघा.

एक गोष्ट लक्षात ठेवा, जोराच्या पावसानंतर खोल काळ्या रानात पाणी साचलं की चार दिवस शेंडे पिवळे दिसतातच, कारण पाणी साचलेल्या चुनखडीत बायकार्बोनेट वाढतं आणि मूळ लोह घेऊ शकत नाही. अशावेळी आधी चर काढून पाणी बाहेर काढा, वापसा येऊ द्या. बऱ्याचदा झाड आपोआप हिरवं होतं आणि फवारणीचे पैसे वाचतात.

बोरॉन, सूर्यफुलाचा जीव

इतर पिकांत बोरॉनला दुय्यम समजलं तर चालून जातं, सूर्यफुलात नाही. ज्या पिकांना बोरॉनची कमतरता सगळ्यात आधी जाणवते त्यातलं हे एक. कोवळी पानं जाड, खरखरीत, वेडीवाकडी, देठाकडून तपकिरी होणारी, फूल एका बाजूला आखडलेलं, कधीकधी फुलाच्या खाली मानेतच खोड चिरतं आणि डोकं मोडून पडतं, आणि शेवटी पोचट बी. कोरड पडली की हे वाढतं, कारण बोरॉन मातीतल्या पाण्याबरोबरच मुळात येतो, वरचा थर सुकला की येणं बंद. आपल्या कोरडवाहू रब्बीत नेमकं फुलोऱ्याच्या वेळी वरचा थर सुकलेला असतो. झाडातही तो जुन्या पानातून फुलाकडं सरकत नाही, म्हणून फुलाला पाहिजे तेव्हाच द्यावा लागतो.

रिपोर्टमध्ये ०.५ च्या खाली असेल तर एकरी २ किलो बोरॅक्स शेणखतात मिसळून पेरणीआधी. आणि रिपोर्ट काहीही असो, बोरॅक्सची एक फवारणी फुलाच्या कडेच्या पिवळ्या पाकळ्या उघडायला लागल्या की करायचीच, लिटरला २ ग्रॅम, १५ लिटरच्या पंपाला ३० ग्रॅम, एकराला २०० लिटर पाणी धरलं तर ४०० ग्रॅम. चुना १० टक्क्याच्या वर असेल तर कळी दिसायला लागल्यावर अजून एक करा. नोझल फुलाच्या दिशेने धरा.

बोरॅक्स गार पाण्यात नीट विरघळत नाही, खाली खडे बसतात, मग पहिल्या पंपात कमी आणि शेवटच्या पंपात जास्त जातो. तांब्याभर गरम पाण्यात आधी पूर्ण विरघळवा आणि मग टाकीत ओता. २० टक्केवालं बोरॉन पावडर घेतलं तर ते गार पाण्यात सहज विरघळतं, पण त्यात बोरॉन जवळजवळ दुप्पट असतो, म्हणून लिटरला १ ग्रॅमच. हात सैल सोडू नका, बोरॉन कमी आणि जास्त यातलं अंतर फार थोडं असतं, जास्त झाला की पानांच्या कडा जळतात.

वेळ संध्याकाळची, चार वाजल्यानंतर. सकाळी फुलावर मधमाशा असतात आणि सूर्यफुलात त्यांच्याशिवाय दाणा भरत नाही. बोरॅक्सबरोबर कीटकनाशक मिसळून फुलोऱ्यात मारणं म्हणजे स्वतःच्या पिकाचं परागीभवन बंद करणं. जोडीला सकाळी ७ ते ११ च्या दरम्यान हाताला तलम कापड गुंडाळून फुलावरून हळूच फिरवा, एक दिवसाआड, फुलोरा असेपर्यंत. पोचट बी नेहमी बोरॉनमुळंच असतं असं नाही, हे पण सांगतो. पानं निरोगी आहेत, वाकडी नाहीत, पण मधमाशीच दिसत नाही, तर दोष परागीभवनाचा आहे, आणि फुलोऱ्यात पाण्याचा ताण बसला असेल तर पाण्याचा. पाणी एकच देता येत असेल तर फुलोऱ्यात द्या, दोन देता येत असतील तर कळी धरताना आणि दाणे भरताना.

पाण्याचं राहिलं

बोअरचं पाणी आपल्याकडं जड असतं, पांढरा थर धरतं. त्याच पाण्यात फेरस सल्फेट टाकलं की थोड्या वेळात तांबडा गाळ बसतो, तो गाळ म्हणजे तुमचं लोह. फवारणीला शक्यतो पावसाचं साठवलेलं किंवा ओढ्याचं पाणी वापरा, नाहीतर आधी पाण्यात सायट्रिक ॲसिड टाका, सामू ६ च्या आसपास आणा आणि मग लोह. फवारणीचं पाणी करून ठेवून जेवायला जायचं नाही.

ड्रीप असेल तर पेरणीचा स्फुरद थोडा कमी करून बाकीचा १२:६१:० (पाण्यात विरघळणारं नत्र-स्फुरदाचं खत) मधून द्या, ते आम्लधर्मी आहे, चुनखडीला बरं पडतं. कॅल्शियम नायट्रेट त्याच्याबरोबर एका टाकीत कधीच नको.

दाणे भरताना, पंचावन्न-साठ दिवसांच्या पुढं, १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) लिटरला १० ग्रॅम फवारलं तर कोरडवाहूत फायदा दिसतो. पैसे कमी असतील तर ही फवारणी सोडा, बोरॅक्स सोडू नका. खरं म्हणजे पैसे कमी असतील तर माझा क्रम असा: ओळीत शेणखत, पाभरीतून सुपर, जिवाणू खत, बोरॅक्स. एवढं झालं की मग जस्त, मग लोह, मग बाकीचं. टॉनिक, ह्युमिक, अमुक तमुक गोल्ड हे सगळं त्याच्या नंतर.

मळणीनंतर खोडं पेटवू नका. सूर्यफूल जमिनीतून जेवढा पालाश उचलतं त्यातला मोठा भाग खोडात आणि पानातच राहतो, बियात थोडाच जातो. रोटाव्हेटरने बारीक करून तिथंच गाडा. आणि झिंक सल्फेट एकदा पूर्ण डोसात दिलं असेल तर ते पुढच्या दोन-तीन पिकांना पुरतं, म्हणून कुठल्या गटात कधी दिलं ते वहीत लिहून ठेवा, म्हणजे मागून ज्वारी किंवा हरभरा घेताना दुकानदार परत तेच गळ्यात मारायला लागला तर नाही म्हणता येतं.